विनंती थांबा

बुधवारी रात्री नऊला
धनकवडीतल्या माझ्या स्वयंपाकघरात
मी फ्रिज बंद करतो.
त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते.
दूध नासलं तर नासलं,
हिला सांगून ठेवलंय.

मग एकेक चौकट उजळते:
खडकीच्या मर्लिनबाई, शाल पांघरून,
कोंढव्याची नाझनीन तांबोळी,
भोसरीहून बन्सोडे, अजून कंपनीच्या निळ्या शर्टातच.
"घुले, तुमचा आवाज बंद आहे."
तेहतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो मी,
हे वाक्य आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

आम्ही पुस्तकं वाचून ठेवतो
बोटांनी आणि कानांनी शिकणाऱ्या मुलांसाठी.
मला पहिल्यांदा दिला भूगोल, इयत्ता नववी.
पाऊण तासात तीन धडे उडवले.
सगळ्या चौकटी गप्प.
मग मर्लिनबाई हळूच म्हणाल्या,
"घुले, प्रवासी चढू द्या."

तेव्हापासून
स्वल्पविरामाला सुटे मोजण्याइतकं थांबतो,
पूर्णविरामाला
एखादी म्हातारी पिशवीसकट उतरेल इतकं.
परिच्छेद संपला की डेपो. पाणी प्यायचं.
हे शेवटचं माझंच,
आणि बाकीच्यांनी चक्क वहीत उतरवून घेतलं!

पाण्यावरून आठवलं.
बन्सोडे 'पानी' म्हणायचा.
नाझनीन उर्दू शाळेत मराठी शिकवते,
ती त्याच्याकडून घोकून घ्यायची: बाण, कणीस, रिंगण.
तोही घोकायचा, हसत हसत.
एका बुधवारी हसला नाही.
म्हणाला, "आईच्या हातचं पानीच पिऊन वाढलो मॅडम,
त्याला चूक कसं म्हनू?"
त्या रात्री एकही पान वाचलं गेलं नाही.
अकरा वाजून गेले.
नाझनीन म्हणाली, मलाही लहानपणी असंच कुणीतरी...
आणि वाक्य तिथंच सोडलं.
शेवटी ठरलं: धड्यात पाणी,
गोष्टीत माणूस बोलायला लागला
की ज्याचं त्याचं पानी.

श्रावणात अश्लेषा वाघचौरे आली, अकरावीची.
तिचा कॅमेरा छताकडे,
आम्हाला नुसता पंखा दिसत होता.
पंखा म्हणाला,
"तुम्ही सगळे छान वाचता.
पण 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' म्हणता
आणि पुढे निघून जाता.
मी तिथंच उभी राहते."

विनंती थांबा माहितीय ना?
हात केला तरच गाडी थांबते.
आणि ज्याला गाडी येतेय हेच दिसत नाही,
त्यानं हात कधी करायचा?
किती वेळा मारली असेल मी डबल बेल.
त्या रात्री झोपेत थांबे आठवत राहिलो,
स्वारगेटपासून कात्रजपर्यंत.

पुढच्या बुधवारी हृदय घेतलं, पान एकशे बारा.
मर्लिनबाई, जुन्या नर्स, म्हणाल्या, "मूठ आवळ, एवढंच असतं."
बन्सोडे म्हणाला, "दोन पंप, चार झडपा,
झडप एकाच बाजूला उघडते, मागं येऊ देत नाही."
नाझनीननं लांबलचक वाक्यं तोडून दिली.
मी थांबे नेमले.
पंखा बराच वेळ बोलला नाही.
मग: "डावी भिंत जाड का?"
आम्हा चौघांनाही माहीत नव्हतं.
शोधत बसलो, पाचही जण.

जाता जाता ती म्हणाली,
"घुलेकाका, तिसऱ्या धड्यात मध्येच तुमचा फ्रिज सुरू होतो.
तो घालवू नका.
कुणाच्या तरी घरी बसून ऐकतेय असं वाटतं."
मर्लिनबाईंनी मान हलवली. नियम तो नियम.

म्हणून बुधवारी नऊला
फ्रिज मी बंदच करतो.
फक्त शेवटची ओळ संपल्यावर
लगेच रेकॉर्डिंग थांबवत नाही.
उठतो, खुर्ची करकरते,
बटण दाबतो.
तो घरघरायला लागतो.

ते चार सेकंद
मर्लिनबाई कापायला विसरतात.